रिपोर्टात यीस्ट दिसलं म्हणून लगेच गोळी?

पोटातल्या बुरशीबद्दल इतकी पत्रं यायला लागलीत की एकेकाला वेगळं उत्तर देणं जमेना, आणि गावं वेगळी असली तरी गोंधळ एकच, म्हणून एकत्रच लिहितोय. आधी एवढं डोक्यात ठेवा की चांगल्या ठणठणीत माणसाच्या आतड्यातही बुरशी असते. बॅक्टेरियाच्या मानाने चिमूटभर, पण असते. यीस्ट हाही बुरशीचाच एक प्रकार.

प्रश्न : सकाळी उठल्याउठल्या ग्लासभर पाण्यात थुंकायचं, खाली दोरे सुटले की पोटात कॅन्डिडा नावाचं यीस्ट वाढलंय असं समजायचं. खरं आहे का?

नाही. थुंकी चिकट असते, दोरे सुटणारच.

प्रश्न : आहारवाल्या ताईंनी इडली, डोसा, पाव सगळं बंद केलंय, यीस्ट वाढतं म्हणे.

इडलीचं पीठ मुख्यतः बॅक्टेरिया फुगवतात आणि पावातलं यीस्ट भट्टीतच मरतं. खाऊन गॅस होत असेल तर कमी खा, पण तो वेगळा विषय.

प्रश्न : शौचाच्या तपासणीत 'यीस्ट सेल्स प्रेझेंट' आलंय. मेडिकलवाल्याने फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी दिली, तीन घेतल्या, फरक नाही. अजून किती घेऊ?

एकही नको. आणि आता जरा शांतपणे ऐका, कारण माझं डोकं फिरतं ते इथंच.

हे यीस्ट बऱ्याचदा आतड्यात नेहमी राहणारंच असतं, कधी खाण्यातून आलेलं असतं, आणि कधी तर नमुन्याच्या डबीतच वाढलेलं असतं. लोक सकाळी सातला डबी भरतात, ती बाथरूमच्या खिडकीत ठेवतात, मग डबे, मुलांची शाळा, आणि ऑफिसला जाता जाता अकराला लॅबच्या काउंटरवर. चार तास उबेत यीस्ट काय करणार, दुप्पट-चौपट होणारच. ज्यांची प्रतिकारशक्ती ठीक आहे त्यांच्या पोटदुखीचं कारण या एका ओळीवरून ठरत नाही.

बरं, गोळी तरी निरुपद्रवी आहे का, तर तसंही नाही. फ्लुकोनाझोलमुळे बाकीच्या काही औषधांचा अंमल वाढतो. डायबेटिसची ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो, लिव्हरला त्रास होऊ शकतो तो वेगळाच. उठसूट घेत राहिलं की या गोळीला दाद न देणाऱ्या बुरशीच्या जातीच मागे उरतात. आणि यावर कडी म्हणजे 'कॅन्डिडा क्लीन्स' नावाची पाकिटं, कसल्या कसल्या पावडरी, महिन्याचा कोर्स, दोन घेतले तर सूट! ज्या आजाराची धड तपासणीच झाली नाही त्याचा कोर्स विकायला हुशारी लागते खरी.

पण सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं. माझ्याकडे एक जण आले, आठ महिने हेच करत होते, साखर बंद, पाव बंद, गोळ्या चालू. पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं, इतकं वजन उतरलं होतं, आणि हिमोग्लोबिन साडेसात. कोलोनोस्कोपीत आतड्याचा टीबी निघाला. आपल्याकडे टीबी आणि क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि जखमा करणारा आजार) हे दोन्ही कॅमेऱ्यातून इतके सारखे दिसतात की बायोप्सी घेऊनही आम्ही कधी कधी अडतो, आणि लोक यीस्टच्या एका ओळीवर घरबसल्या निदान करतात. वजन उतरणं, शौचातून रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं एकही असेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा आणि आधी पोटाच्या डॉक्टरला भेटा.

प्रश्न : अँटिबायोटिकबरोबर यीस्टची पुडी दिलीय. बुरशी मारायची की खायची, काय ते एकदा सांगा!

वैताग कळला. ती सॅकरोमायसीस बुलार्डी. १९२० च्या दशकात बुलार्ड नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होते, कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात हे त्यांनी पाहिलं आणि त्या सालीतून हे यीस्ट वेगळं केलं. अँटिबायोटिक बॅक्टेरिया मारतं, यीस्टला काही करत नाही, म्हणून जुलाब टाळायला दोन्ही बरोबर देता येतात. मात्र फ्लुकोनाझोल चालू असेल तर ही पुडी घेण्यात अर्थ नाही. आणि आयसीयूत गळ्याच्या शिरेत नळी असलेला पेशंट किंवा केमो चालू असलेला माणूस असेल तर अजिबात नको, हे यीस्ट रक्तात उतरल्याच्या केसेस आहेत. अशा पेशंटच्या खाटेजवळ पुडी फोडूही नका.

प्रश्न : मुलीला क्रोन्स आहे. तो बुरशीमुळे होतो असं वाचलं. बुरशीचं औषध सुरू करावं का?

स्वतःहून नाही. विषय मात्र खरा आहे. कोंड्याशी नाव जोडलेली मालासेझिया ही बुरशी क्रोन्सच्या काही पेशंटच्या आतड्यात जास्त सापडली, २०१९ मध्ये तसं छापून आलं. २०२१ मध्ये चीजमध्ये असणारं डेबॅरोमायसीस हे यीस्ट आतड्याच्या जखमा भरू देत नाही असं दिसलं, पण प्रयोग बराचसा उंदरांवरचा. सापडणं वेगळं आणि त्याच्यामुळेच होणं वेगळं. तिची चालू औषधं एक दिवसही चुकवू नका, बाकी तिच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आईला डायबेटिस आहे, दम्याचा पंप घेते. पंधरा दिवस गिळताना छातीत दुखतंय, जिभेवर पांढरं साचलंय. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल ना?

नाही चालणार. अन्ननलिकेत कॅन्डिडा झाला की असंच दुखतं, आणि डायबेटिस, वर स्टेरॉइडचा पंप, म्हणजे त्याला आयतं निमंत्रण. इथं बुरशीचं औषध खरंच लागू शकतं, पण डॉक्टरने बघून, गरज पडली तर एंडोस्कोपी करून. याच आठवड्यात न्या. शुगरचा ताजा रिपोर्ट आणि तो पंप दोन्ही बरोबर घ्या, पंप आपल्या मनाने बंद करू नका, आणि ओढून झाल्यावर खळखळून चूळ भरायला आजपासूनच सांगा.