फ्रान्सच्या शाळेत सात महिने, हातात ८०० युरो: जावं का?

मेलवर आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, एका कंपनीत कंटेंटचं काम, महिन्याचा पगार हातात ४१ हजार. एज्युकेशन लोनचे २ लाख १० हजार बाकी, हप्ता ६,४००. घरी महिन्याला १० हजार देतात. शिल्लक ४ लाख १० हजार, त्यात दीड लाखाची एफडी, १ लाख ६० हजार म्युच्युअल फंडात आणि बाकी सेव्हिंगला. फ्रान्स सरकारच्या भाषा-असिस्टंट कार्यक्रमात इंग्रजीसाठी निवड झालीय, ऑक्टोबर ते एप्रिल. मागितलं होतं पॅरिस, व्हर्साय, लियों, मिळालं क्लेरमाँ-फेराँ अकादमीतलं (म्हणजे तिथल्या विभागीय शिक्षण खात्यातलं) ओरियाक नावाचं गाव. वडील म्हणतात, असल्या आडगावी जाऊन चार लाख घालवण्यात काय अर्थ. दुसरीकडे एका एजन्सीने वेगळ्याच देशात सहा महिन्यांची 'टीचिंग इंटर्नशिप' देऊ केलीय, फी २ लाख २० हजार, राहणं-खाणं त्यातच, पण टोकन म्हणून ४० हजार या शनिवारपर्यंत भरायचे. कुठलं घ्यावं, की दोन्ही सोडून नोकरीच बरी?

आधी शनिवारचं बघू, कारण ते घाईचं आहे. टोकन भरू नका. शिकवणार तुम्ही, शाळेला फुकट माणूस मिळणार, एजन्सीला सव्वादोन लाख मिळणार आणि तुम्हाला सर्टिफिकेट, यात नोकरी कुठाय? परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला आपल्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागतं, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. म्हणूनच 'इंटर्नशिप' म्हणत असावेत असा माझा अंदाज, नोकरी म्हटलं की ही मर्यादा आडवी येते. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्यांचं नाव शोधा, आणि त्यांना एवढंच विचारा की व्हिसा कुठल्या प्रकारचा आणि शाळेचं स्वतःच्या लेटरहेडवरचं पत्र कधी देणार. टुरिस्ट व्हिसावर जाऊन वर्गात उभं राहिलात आणि पकडलं तर परत पाठवतात ते तुम्हाला, एजन्सीला नाही. विषय संपला.

आता फ्रान्स. हा कार्यक्रम १९०५ पासून चालू आहे, फ्रान्स एज्युकासियाँ अँतेरनासियोनाल ही त्यांची सरकारी संस्था तो चालवते, आणि इथे पैसा उलट्या दिशेने येतो, म्हणजे ते तुम्हाला देतात. आठवड्याला १२ तास, सगळं कापून हातात साधारण ८०० युरो. सुट्ट्यांचाही पगार मिळतो आणि तिथली सोशल सिक्युरिटी लागू होते. विमानाचं तिकीट मात्र तुमचं आणि घरही तुम्हीच शोधायचं. हिशोब सोपा व्हावा म्हणून युरो शंभर रुपयांना धरतोय, थोडं इकडे-तिकडे होईल.

वडिलांना ओरियाक खटकतंय ना, मला तीच या सगळ्यातली सगळ्यात चांगली बातमी वाटते. ८०० युरोत पॅरिसमध्ये खोलीचं भाडं देऊन उरलेल्या पैशात महिना काढायचा म्हणजे दर महिन्याला घरून पैसे मागवायची तयारी ठेवायची. ओरियाक कांताल जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आहे, डोंगरातलं छोटं शहर, खेडं नाही. तिथे मी छोट्या फर्निश्ड स्टुडिओचे ३५० धरतोय, वीज-इंटरनेट-घराचा विमा ४० (भाडेकरूला विमा घ्यावाच लागतो, टाळता येत नाही), खाणं २००, प्रवास ४०, फोन १५, किरकोळ ८०. झाले ७२५. महिन्याला ७५ युरो उरतात, सात महिन्यांचे ५२५. म्हणजे तिकडचा महिना तिकडेच निघतो, पण लोनचा हप्ताच ६४ युरोचा आहे, तेव्हा इकडे पाठवायला काही उरेल ही आशा सोडून द्या.

त्याआधी शाळेच्या ऑफिसला आजच ईमेल टाका की असिस्टंटसाठी होस्टेलची किंवा स्टाफ क्वार्टरची खोली आहे का. काही लीसेंमध्ये (तिथल्या हायस्कुलांत) असते आणि ती बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त पडते, पण जो आधी विचारेल त्याला मिळते. नसेल तर घरमालकाशी बोलताना 'बाय मोबिलिते' हा भाडेकरार होईल का ते विचारा. २०१८ च्या एलान कायद्याने आणलेला हा करार १ ते १० महिन्यांचा असतो, फर्निश्ड घरासाठी, शिक्षण, इंटर्नशिप किंवा तात्पुरत्या कामासाठी आलेल्या लोकांना चालतो, आणि त्यात डिपॉझिट घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. साध्या फर्निश्ड करारात दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागू शकतात, म्हणजे ७०० युरो सात महिने अडकून पडणार आणि परत मिळायला तुम्ही तिथून निघून आलेल्या असणार. जामीनदार मागतील, तिथे ओळखीचं कोणी नाही म्हणून घाबरू नका, 'व्हिझाल' नावाची फुकट गॅरंटी आहे, ३० वर्षांपर्यंतच्यांना मिळते, निघायच्या आधी ऑनलाइन अर्ज करून ठेवा. घरभाड्याची सरकारी मदत, सीएएफची, अर्ज जरूर करा पण ती माझ्या हिशोबात मुद्दामच नाहीये, कागद हलायला महिने लागतात आणि पहिल्या महिन्याची मिळतच नाही. जन्मदाखल्यावर अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) करून घ्या आणि फ्रान्समधल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून त्याचं भाषांतर करून घ्या, सोशल सिक्युरिटी नंबरसाठी तोच कागद अडतो. व्हिसा तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, लोक हे विसरतात.

पैसे खरे अडकतात ते पहिल्या दोन महिन्यांत. कागद उशिरा गेले की ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरच्या शेवटी एकदम येऊ शकतो. तोपर्यंत खाणार काय? म्हणून दोन महिन्यांचा खर्च, १,४५० युरो, अधिक एक महिन्याचं डिपॉझिट ३५०, असे १,८०० युरो म्हणजे १ लाख ८० हजार हातात घेऊनच विमानात बसायचं. हा सगळा खर्च नाही, पगार आला की यातला बराचसा परत भरतो, पण त्या वेळी तो असलाच पाहिजे. रक्कम छोटी आहे त्यामुळे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या टॅक्सची, टीसीएसची, काळजी नको, तो वर्षाला १० लाखांच्या वर लागतो.

आता तुमच्या यादीत जे नव्हतंच त्याकडे येतो. तुम्ही तिकीट लिहिलंय, व्हिसा लिहिलाय, थंडीचे कपडेसुद्धा लिहिलेत, पण मेलच्या शेवटी सहज एक वाक्य आहे की आईबाबांचा मेडिक्लेम कंपनीकडूनच आहे. अहो, नोकरी सोडली की तो बंद! तुम्हाला तिथे सोशल सिक्युरिटीचं कव्हर मिळेल, ते दोघं मात्र साठीच्या आसपास, बाबांना बीपी, आणि घरात एकही पॉलिसी नाही. तुम्ही ओरियाकला असताना एक हॉस्पिटलचं बिल आलं तर चार लाख कुठे गेले कळणारही नाही. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, जुन्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड जेवढा भरून झालाय तो धरला जातो, पण अर्ज नोकरी संपायच्या आत करावा लागतो आणि ते हो म्हणतीलच असं नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा की आधी पॉलिसीचं पत्र हातात, मग राजीनामा. प्रीमियम मी ५० हजार धरतोय.

तर एकूण किती? तिकीट जाऊन-येऊन ७० हजार, व्हिसा (त्याची फीच ९९ युरो आहे), अपॉस्टिल, भाषांतर वगैरे २० हजार, कपडे-सामान १५. आईबाबांचा विमा ५० हजार. सात महिन्यांचे हप्ते ४५ हजार. घरचे १० हजार चालू ठेवायचे तर ७० हजार. आणि परत आल्यावरचे महिने, ज्यांचा हिशोब कोणीच करत नाही. ३० एप्रिलला कॉन्ट्रॅक्ट संपतं, पगार थांबतो, मे महिन्यात तुम्ही घरी आणि नोकरी शोधायला तीन महिने सहज जातात, त्याचे हप्ता, घरचे पैसे, स्वतःचा खर्च धरून ८० हजार. बेरीज साडेतीन लाख. तिकडे उरलेले ५२ हजार वजा केले तर साधारण ३ लाख. शिवाय नोकरीत राहिला असता तर महिन्याला १२ हजार बाजूला पडतात म्हणालात, दहा महिन्यांचे ते १ लाख २० हजार. वडिलांचा चार लाखांचा अंदाज चुकीचा नाही, फक्त तो फ्रान्समध्ये जाणार नाहीये, बहुतेक इथेच जाणार आहे. त्यामुळे वाचवायचा असेल तर इथला वाचवा. घरचे १० हजार सात महिने ५ वर आणता येतील का हे आईबाबांशी उघड बोला, त्यांच्याच विम्याला ५० हजार जातायत हेही सांगा. आणि मॅनेजरला बिनपगारी रजेबद्दल विचारा. मिळाली तर परत आल्यावरचे ८० हजार वाचतात, आणि रजेच्या काळात ग्रुप मेडिक्लेम चालू राहतो का हे एचआरकडून लेखी घेतलंत तर कदाचित विम्याचेही. विचारायला काही लागत नाही.

एवढे पैसे घालून मिळणार काय, हा प्रश्न वडिलांनी विचारला नाही पण मी विचारतो. इंग्रजी शिकवल्याचा अनुभव म्हणून जाणार असाल तर परत आल्यावर त्याला फार किंमत नाही, इथल्या शाळा बीएड मागतात आणि असिस्टंटचं पत्र बीएडची जागा घेत नाही. किंमत आहे ती फ्रेंचला. तुमचं आत्ता बी-१ आहे, म्हणजे मधली पातळी, त्यावर कामं कमी मिळतात. त्याच्या वरची बी-२ पक्की झाली की फ्रेंच शिकवणं, द्विभाषिक सपोर्ट, भाषांतर, ही दारं उघडायला लागतात. म्हणून म्हणतो ओरियाक बरं, पॅरिसमध्ये इतर देशांतल्या असिस्टंटांच्या घोळक्यात सात महिने इंग्रजीच बोलत काढणं फार सोपं आहे. वर्गात इंग्रजी, बाहेर सगळं फ्रेंच, आणि वसंतात तिथेच डेल्फ (फ्रेंचची सरकारी प्रमाणपत्र परीक्षा) बी-२ देऊनच परत या. ती कायमची धरली जाते, एक्स्पायर होत नाही. ती द्यायचा विचार नसेल तर मात्र माझं उत्तर नाही असंच आहे, मग ही तीन लाखांची सहल झाली, सहलीला माझी ना नाही पण लोन डोक्यावर असताना नको.

सहलीवरून आठवलं, तुमचं बजेट मोडणार ते सुट्ट्यांत. ऑक्टोबर ते एप्रिल दोन-दोन आठवड्यांच्या चार सुट्ट्या येतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणणार चल बार्सिलोना, चल रोम. ५२५ युरो शिल्लक आहेत सगळ्याला मिळून, हे लक्षात ठेवा. २७ वर्षांपर्यंत ४९ युरोचं रेल्वेचं कार्ड मिळतं, वर्षभर तिकिटावर ३० टक्के सूट, ते घ्या. गावातल्या बसपासचे निम्मे तरी पैसे नोकरी देणाऱ्याने द्यायचे असतात, मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. खाजगी शिकवण्या करून भर घालू असं तुम्ही लिहिलंय, तुमच्या व्हिसावर त्या कामाची परवानगी आहे का हे अकादमीला विचारल्याशिवाय एक रुपयाही त्यात धरू नका.

म्युच्युअल फंडातले १ लाख ६० हजार जायच्या आधी काढून सेव्हिंगला आणा. हे पैसे वर्षभरात लागणारेत, बाजार वर जायची वाट बघत बसायचं नाही. एफडी शेवटी मोडायची. पीएफला अजिबात हात लावू नका, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, पडू दे तिथेच, पुढच्या नोकरीत ट्रान्सफर करा.

टॅक्सची एक गंमत, आमच्या धंद्यातल्या लोकांनाच आवडेल अशी. नोकरीसाठी देशाबाहेर जाताना त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की तुम्ही निवासी ठरता. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला निघालात तर १८१ होतात, २९ ला १८२. तुमचं उत्पन्न बघता टॅक्स दोन्ही बाजूंनी शून्यच येईल, नवीन पद्धतीत निवासींना १२ लाखांपर्यंत सूट आहे आणि अनिवासी ठरलात तरी ४ लाखांपर्यंत टॅक्स नाही, पण निवासी राहिलात तर फ्रान्समधलं बँक खातं रिटर्नमधल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं आणि त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही, २ भरावा लागतो. तेव्हा तिकिटाचा दर सारखाच असेल तर २७-२८ चं बघा, नाहीतरी खोली ताब्यात घ्यायला दोन-तीन दिवस आधी पोचलेलं बरं.

माझं मत जा असं आहे, पण विमा कंपनीने बाबांना नाही म्हटलं आणि कंपनीने रजाही दिली नाही, असं दोन्ही झालं तर राजीनामा देऊ नका. आधी बाबांसाठी दुसरी पॉलिसी मिळते का बघा, प्रीमियम ८० हजारांपर्यंत गेला तरी घरचे पैसे निम्मे केले की गणित बसतं. त्याच्या वर गेला तर ते कोटेशन घेऊन मला परत लिहा, निवड झाल्याचं उत्तर द्यायला किती दिवस आहेत तेही सांगा.