काकूंकडे डिपॉझिट कसं मागू?

ताई, नमस्कार.

मी 26 वर्षांची आहे. मागच्या वर्षी मास्टर्स करायला इंग्लंडला आले. ओळखीतून एका मराठी काकूंच्या घरात खोली मिळाली. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. खोली माझी, स्वयंपाकघर आणि बाथरूम दोघींत. भाडं महिन्याला 550 पौंड, डिपॉझिट 700. पैसे बँकेतून पाठवले, पण कागद काही केला नाही. ‘आपल्याआपल्यांत कसला करार?’ असं काकू म्हणाल्या आणि मलाही ते बरं वाटलं. लाइट-गॅस भाड्यातच, असं त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं.

11 महिने राहिले. कोर्स संपला त्याच महिन्यात दुसऱ्या शहरात नोकरी लागली. महिनाभर आधी सांगून निघाले. निघताना काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. तीन आठवड्यांनी डिपॉझिटचं विचारलं तर हिशोब आला: कार्पेट बदलायला 420, माणसं लावून साफसफाई केली ते 120, हिवाळ्यातलं जादा हीटिंग 100, आणि माझ्यामुळे कौन्सिल टॅक्सची, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराची, सवलत गेली ते 150. एकूण 790. म्हणजे उलट मीच 90 पौंड देणं लागते! कार्पेटवर माझ्या हातून इस्त्री पडली होती, तळहाताएवढा डाग आहे, तो मी त्याच दिवशी दाखवला होता. पण कार्पेट 8 वर्षांपूर्वीचं आहे, घर घेतलं तेव्हाचं, असं काकूच सांगायच्या.

माझी सर्टिफिकेटांची बॅग अजून तिथेच आहे. ‘हिशोब मिटला की ने,’ म्हणतात. मित्र सांगतो, डिपॉझिट सरकारी योजनेत ठेवलं नाही म्हणून तिप्पट दंड माग आणि मंडळाच्या ग्रुपवर सगळं लिही. आई म्हणते, सोडून दे, तू तापाने फणफणली होतीस तेव्हा त्यांनीच केलं तुझं. ताई, पैसे मागणारी मी कृतघ्न ठरते का?

– एक वाचक

---

प्रिय मैत्रिणी,

आधी बॅग. बाकी सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल. तुझ्याकडून काही येणं आहे असं काकूंना वाटत असलं, तरी तुझी कागदपत्रं अडवून धरायचा अधिकार त्यांना नाही. डिपॉझिटचा विषय न काढता एक साधा मेसेज कर: ‘काकू, शनिवारी बॅग न्यायला येते. सकाळी येऊ की दुपारी?’ जाताना एखाद्या मैत्रिणीला सोबत ने. तिथे हिशोबाचं बोलणं निघालं तर ‘ते मी लिहून पाठवते’ एवढंच म्हण आणि बॅग घेऊन ये. बॅग त्यांच्या ताब्यात आहे तोवर तू मोकळेपणी बोलणार नाहीस.

आता कृतघ्नपणाचं. तुझ्या आजारपणात काकूंनी केलं ते खरं आहे, आणि तू ते विसरू नयेस. पण त्याची किंमत 700 पौंड आहे असं त्या स्वतः तरी म्हणतील का? त्यांनी ते माणुसकीनं केलं. तू भाडं दर महिन्याला दिलंस ते व्यवहार म्हणून. आपल्याकडे घरमालकिणीला काकू म्हटलं की हे दोन्ही एकाच वहीत लिहिलं जातं, आणि तिथेच घोळ होतो. भीड भिकेची बहीण, असं आपल्या आज्या म्हणत आल्या. मी स्वतः शिकत असताना एका बाईंच्या घरात चार वर्षं राहिले. निघताना अनामत मागायला जीभ रेटली नाही. त्यांनी आपणहून दिली नाही आणि मी पुन्हा कधी त्या घरी गेले नाही. पैसे मागितले असते तर कदाचित थोडं वाजलं असतं, पण जाणं-येणं राहिलं असतं. न मागितल्यामुळे नातंही गेलं. याची हळहळ मला आजही वाटते, म्हणून तुला सांगते, माग.

पण मागताना काय हातात आहे आणि काय नाही, हे नीट समजून घे. मित्राचा सल्ला मनापासून असेल, पण तो तुझ्या बाबतीत चुकीचा आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल 2007 पासून डिपॉझिट सुरक्षित योजनेत ठेवायची सक्ती आहे, आणि ते न ठेवणाऱ्या मालकाला एक ते तीन पट रक्कम भरायला लावता येते, हे खरं. मात्र ते मालक स्वतः राहत नाही अशा घरातल्या भाडेकरूंसाठी. मालक त्याच घरात राहतो, स्वयंपाकघर-बाथरूम सामाईक असतं, तेव्हा कायद्याच्या लेखी तू भाडेकरू नसतेस, लॉजर असतेस. लॉजरला ती योजना लागू नाही. तिप्पट दंडाची धमकी दिलीस आणि काकूंनी कुणाला विचारलं, की तुझं बाकीचं खरं म्हणणंही पोकळ वाटायला लागेल.

लॉजरचं संरक्षण एकूणच पातळ आहे. 1977 च्या कायद्यानुसार मालकाला त्याला घराबाहेर काढायला कोर्टाचा आदेश लागत नाही, वाजवी मुदतीची नोटीस पुरते. भाडं महिन्याचं असेल तर साधारण महिनाभराची. म्हणून कितीतरी मुली त्या घरात असेपर्यंत तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातात. भांडायचं कसं, रात्री त्याच घरात निजायचं असतं. तू तिथून निघाली आहेस. ती भीती आता तुला नाही.

आणि तुझ्या बाजूने जे आहे ते काही थोडं नाही. तोंडी झाला तरी करार हा करारच. तू दिलेल्या 700 पौंडांची नोंद बँकेत आहे. भाड्यात लाइट-गॅस धरल्याचा मेसेज आहे. शिवाय 2019 चा टेनंट फीज ॲक्ट. या कायद्यात लॉजरही येतात. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही. तुझा हिशोब कर: 550 गुणिले 12 म्हणजे 6600, भागिले 52 म्हणजे आठवड्याला जवळपास 127. पाच आठवड्यांचे 634 आणि काही पेन्स. काकूंनी 700 घेतले. वरचे 65 पौंड त्यांनी मुळात मागायलाच नको होते. हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, त्यांना नियम माहीत नसणार. त्यामुळे हा मुद्दा पहिल्याच मेसेजात नको. जवळ असू दे.

आता त्यांचे चार आकडे बघू. हीटिंगचे 100 सरळ बाजूला ठेव, तो मेसेज पुरेसा आहे. साफसफाईचे 120: माणसं लावून सफाई करून घेण्याचा खर्च आधीच ठरवून तुझ्या माथी मारता येत नाही. तू खोली मिळाली त्याहून अस्वच्छ सोडली असशील तरच आणि तेवढ्यापुरतेच पैसे कापता येतात. पहिल्या दिवशी आईला खोली दाखवायला व्हिडिओ पाठवला होतास का? बहुतेक मुली पाठवतात. आईच्या फोनमध्ये शोधायला सांग. निघतानाचा एखादा फोटो असेल तर तोही. तारखेसकट जपून ठेव.

कार्पेटच्या बाबतीत मी तुझ्या बाजूने पूर्ण उभी राहणार नाही. इस्त्री तुझ्या हातून पडली. वापराने कार्पेट विटणं, दबणं, दाराशी झिजणं हे मालकाने सोसायचं असतं. जळका डाग त्यात बसत नाही. पण जुन्याच्या बदल्यात नवं, असाही हिशोब होत नाही. नुकसान मोजताना वस्तूचं वय धरावंच लागतं. असं कार्पेट साधारण 10 वर्षं टिकतं असं मानलं, तर 8 वर्षं काकूंनी वापरून झालीत, उरलीत 2. 420 चा दोन दशांश म्हणजे 84 पौंड. हे 84 तू आपणहून कबूल कर. घासाघीस करू नकोस. चूक मान्य करणाऱ्या माणसाचं बाकीचं म्हणणं समोरचा ऐकून घेतो, आणि तुझ्याही मनाला टोचणी राहणार नाही. त्या 10 ऐवजी 12 वर्षं म्हणाल्या आणि 140 मागितले, तर माझ्या मते तेही देऊन टाक. तेवढ्यावरून ताणू नये.

कौन्सिल टॅक्सचं वाचून मला काकूंची खरी काळजी वाटली. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर या करात 25 टक्के सवलत मिळते. दुसरं माणूस राहायला आलं की ती जाते. मात्र पूर्णवेळ विद्यार्थी या मोजणीत धरलाच जात नाही! तू 11 महिने विद्यार्थिनी होतीस, म्हणजे काकूंची सवलत जायचं कारणच नव्हतं. गेली असेल तर बहुधा त्यांनी घरात आणखी एक माणूस आल्याचं कळवलं आणि ती विद्यार्थिनी आहे हे सांगायचं राहून गेलं. ते पैसे तुझ्याकडून घ्यायचे नाहीत, कौन्सिलकडून परत मागायचे आहेत. तुझ्या युनिव्हर्सिटीकडून पूर्णवेळ विद्यार्थिनी असल्याचं पत्र मिळतं, प्रवेशाच्या आणि कोर्स संपल्याच्या तारखांसकट. ते काढ आणि काकूंना पाठव. एकटी बाई, पत्रव्यवहार बहुधा काकाच बघत असतील. अर्ज भरायला मदत लागली तर करीन, असंही लिही.

मेसेज मी लिहिला तर असा लिहीन. तू तुझ्या शब्दांत बदल:

‘काकू, तुमचा हिशोब शांतपणे पाहिला. कार्पेटचा डाग माझ्याकडून पडला, त्याची भरपाई मी देणार. कार्पेट 8 वर्षांचं असल्यामुळे 420 पैकी 84 माझ्याकडे येतात असा माझा हिशोब आहे. हीटिंग भाड्यात आहे असं आपलं ठरलं होतं, तुमचा तो मेसेज खाली जोडला आहे. खोली मी स्वच्छ करून दिली होती, फोटो सोबत आहेत. कौन्सिल टॅक्सची सवलत माझ्यामुळे जायला नको होती, कारण विद्यार्थी मोजत नाहीत. युनिव्हर्सिटीचं पत्र पाठवते, ते दाखवून तुम्हाला पैसे परत मागता येतील. 700 मधून 84 वजा जाता 616 पौंड 14 दिवसांत माझ्या खात्यावर पाठवावेत. आजारपणात तुम्ही केलंत ते मी विसरले नाही.’

पाठवण्याआधी एकदा फोन कर. मेसेज धाडकन जाऊन पडला तर त्यांना धक्का बसेल. फोनवर आकड्यांचा वाद घालू नकोस, ‘काकू, मी सगळं लिहून पाठवतेय, रागानं वाचू नका’ एवढं सांग. मागचं पुढचं जे काही ठरेल ते मात्र लेखीच.

14 दिवसांत उत्तर आलं नाही तर पत्र पाठव. कागदावर, पोस्टाने, पाठवल्याची पावती घेऊन. त्यात रक्कम, कारण, पुराव्यांची यादी आणि आणखी 14 दिवसांची मुदत लिही, आणि त्यानंतर दावा लावेन असं स्पष्ट लिही. इंग्लंडमध्ये 10,000 पौंडांपर्यंतचे असे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे कोर्टाच्या लहान दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत, जातात. वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो, फी रकमेनुसार असते आणि जिंकलीस तर ती समोरच्याकडून मिळते. करारातून निघणाऱ्या दाव्याला 6 वर्षांची मुदत आहे, त्यामुळे उद्याच धावायची घाई नाही. पत्र लिहिण्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा शेल्टर या सल्ला देणाऱ्या संस्थांकडे विचार, दोन्हीकडे मोफत सांगतात. ते 65 पौंडांचं कलम तिथेच काढ. (हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या वाचकांनी तिथले वेगळे नियम पाहावेत.)

ग्रुपवर मात्र लिहू नकोस. तिथे लोक बाजू घेतील, काकूंना घराबाहेर पडणं नकोसं होईल आणि मग त्या हट्टाने एक पैसा देणार नाहीत. 616 पौंडांसाठी एका एकट्या बाईचा गोतावळा तोडू नये. आईला मात्र हे पत्र वाचून दाखव. ती घाबरून बोलतेय, लेक परक्या देशात कुणाशी तरी भांडतेय म्हणून.

नव्या शहरात पुन्हा कुणाच्या घरात खोली घेतली असशील तर आज रात्रीच एक पानभर लिहून घे. भाडं, डिपॉझिट, बिलं कुणाची, नोटीस किती, डिपॉझिट किती दिवसांत परत, खोलीत काय कसं आहे त्याचे फोटो. खाली दोघांच्या सह्या. ‘आपल्याआपल्यांत कशाला’ असं कुणी म्हणालंच तर, आपल्याआपल्यांत आहे म्हणूनच, असं सांग.

आणि युनिव्हर्सिटीचं ते पत्र, काकूंनी डिपॉझिट दिलं नाही, फोन उचलला नाही, तरी पाठव. त्यांचे ते 150 पौंड खरोखर गेले असतील तर ते त्यांना परत मिळायला हवेत.

तुझी,
ताई