बिआट्रिक्स राणींचा जन्म जानेवारीतला असूनही नेदरलँड्समधील राणीचा दिवस 30 एप्रिललाच का साजरा होत असे?

1980 मध्ये गादीवर आल्यावर बिआट्रिक्स यांनी आपल्या आई, राणी युलियाना, यांच्या जन्मदिवसाची 30 एप्रिल ही तारीख स्वतःहून कायम ठेवली, म्हणून. यात आईविषयीचा आदर होताच. पण हवामानाचे कारणही तितकेच, किंबहुना माझ्या मते अधिक, वजनदार होते. त्यांचा जन्म 31 जानेवारीचा, आणि हा सोहळा राजवाड्यापेक्षा रस्त्यावर अधिक घडतो: त्या दिवशी कोणालाही विनापरवाना जुन्या वस्तू मांडून विकता येतात, मुले आपली खेळणी विकायला बसतात आणि ऑरेंज राजघराण्याच्या नावामुळे नारिंगी कपडे घातलेल्या लोकांनी ॲम्स्टरडॅमचे कालवे व रस्ते भरून जातात. जानेवारीच्या थंडीत हे जमणे अवघडच. एरवी ही तारीख राज्यकर्त्यागणिक बदलत आली आहे. 1885 मध्ये राजकन्या विल्हेल्मिना यांच्या पाचव्या वाढदिवसापासून तो 31 ऑगस्टला होई, आणि युलियाना राणी झाल्यावर 1949 पासून 30 एप्रिलला होऊ लागला. मात्र आज ही तारीख लागू नाही. विलेम-अलेक्झांडर 30 एप्रिल 2013 रोजी राजे झाले आणि 2014 पासून त्यांच्या जन्मदिवशी, 27 एप्रिलला, राजाचा दिवस साजरा होतो. त्या दिवशी रविवार आला तर तो आदल्या दिवशी, शनिवारी, होतो, जसा 2014 आणि 2025 मध्ये झाला.