पवईला गळ टाकणाऱ्याने मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्यावर मासे कसे पकडावेत?

प्रश्न असा आहे: "मी मुंबईत राहतो, पवई तलावावर बरीच वर्षं हौसेने गळ टाकतो. डिसेंबरात मुलीकडे अमेरिकेत मिनेसोटाला तीन महिने जातोय. तिच्या घरामागे छोटं तळं आहे, ते हिवाळ्यात गोठतं. बर्फाला भोक पाडून मासे पकडतात तसं मला जमेल का? इथून काय तयारी करून जाऊ?"

जमेल. पण घरामागच्या त्याच तळ्यावर जमेल असं धरून चालू नका. मी मुलुंडचा. कंपनीच्या कामाने दोन हिवाळे मिनियापोलिसजवळ काढले आणि पहिल्या हिवाळ्यात नेमकी हीच चूक करायला निघालो होतो. शेजारच्या साठीतल्या गृहस्थांनी खिडकीतून हाक मारून थांबवलं म्हणून वाचलो.

तिकडच्या नव्या वसाहतींत घरांच्या मागे जी नीटस तळी दिसतात, त्यांतली बरीचशी पावसाचं पाणी साठवायला मुद्दाम खणलेली असतात. रस्त्यावरचं पाणी पाइपातून थेट त्यांत सुटतं. मध्येच दोन दिवस ऊन पडलं की वितळलेलं पाणी आत येतं, पातळी खालीवर होते आणि वरचा बर्फ आधाराशिवाय राहतो. त्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ वाहून येतं, आणि खारट पाणी लवकर गोठत नाही. त्यामुळे एका जागी बर्फ सहा इंच, तर दहा पावलांवर दीड इंच. तिथल्या नगरपालिका अशा तळ्यांवर जाऊ नका असंच बजावतात.

शिवाय अशा उथळ तळ्यात मासे असतीलच असं नाही. बर्फावर हिमाचा जाड थर बसला की खाली उजेड जात नाही, पाणवनस्पती प्राणवायू बनवायचं थांबवतात, तळाचा पालापाचोळा कुजत राहतो आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतो. वसंतात बर्फ गेला की मासे काठाला लागलेले दिसतात. पितृपक्षानंतर बाणगंगेत मासे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो ना, तिथेही प्राणवायूच संपलेला असतो. फरक इतकाच की तिकडे वर झाकण असल्यामुळे मार्चपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

तेव्हा मुलीला आधी विचारा: तळं कशाचं आहे, किती खोल आहे? उत्तर "माहीत नाही" आलं तर दुसरं शोधा. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं 'लेकफाइंडर' नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर बऱ्याच तळ्यांची खोली, नकाशे आणि कुठले मासे आहेत ते मिळतं. मिनियापोलिस-सेंट पॉलच्या आसपास तर हे खातं 'फिशिंग इन द नेबरहूड' या योजनेत वस्तीजवळच्या लहान तळ्यांत मुद्दाम मासे सोडतं. मुलीचं घर त्या पट्ट्यात असेल तर तुम्ही नशीबवान. मी शिकलो ते अशाच एका तळ्यावर, बसने जाऊन. हातात बादली आणि गिरमिट घेऊन बसमध्ये चढणारा मी एकटाच असायचो.

आता बर्फाचं. चार इंच हा आकडा पाठ करा. नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ चार इंच जाड असेल तरच पायी जायचं. लहान मोटारीला नऊ-दहा इंच लागतात. (हो, मोटारी नेतात. मी एकदाही बसलो नाही.) पांढऱ्या, दुधट बर्फाची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणून तिथे दुप्पट जाडी हवी. हे समजायला भाऊच्या धक्क्यावर जा आणि बर्फाची लादी बघा. कडेला पारदर्शक असते आणि मधोमध पांढरा गाभा असतो. गोठताना पाण्यातली हवा आत ढकलली जाते, तिचे बुडबुडे म्हणजे तो गाभा. टोच्याने फोडताना लादी त्या गाभ्यापाशी कशी भुगा होते ते कोळणी रोज बघतात. तळ्यावर असा पांढरा बर्फ होतो तो ओलं हिम गोठून.

हिम पडून गेल्यावर आणखी एक फसगत होते. आपल्याला वाटतं हिम पडलं, थंडी वाढली, बर्फ जाड झाला असणार. उलट होतं. हिमाची गोधडी पांघरली की खालचा बर्फ जाड व्हायचा वेग मंदावतो.

विषय निघालाच आहे तर एक मजा सांगतो. एकोणिसाव्या शतकात बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तिकडच्या तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून, भुश्शात गुंडाळून जहाजाने हिंदुस्थानात आणला. १८३३ साली पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं, पुढे मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला आणि तो ठेवायला इथे खास बर्फघर बांधलं होतं. म्हणजे गोठलेल्या तळ्याचा तुकडा मुंबईकराने पाहायची ही काही पहिली वेळ नाही. फक्त तेव्हा तळं इथे आलं होतं.

सामान थोडंच लागतं आणि गंमत म्हणजे सगळ्याला आपल्याकडे शब्द आहेत. एक पहार. चालताना प्रत्येक दोन-तीन पावलांवर ती पुढे आपटायची. एका घावात आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरायचं. एक गिरमिट, सहा इंची भोक पाडणारं, हाताने फिरवायचं. दहा-बारा इंच बर्फापर्यंत हाताचं पुरतं, त्यापुढे खांदे बोलू लागतात. भोकात साचणारा बर्फाचा चुरा काढायला झारा. अक्षरशः झारा, भजी काढतो तसा, फक्त दांडा लांब. बसायला उलटी बादली. आणि काठी जेमतेम दोन-सव्वादोन फुटांची, कारण मासा तुमच्या पायाखालीच असतो, लांब फेकायचं काही नसतंच. पवईला दहा-बारा फुटी काठी वापरणाऱ्याला पहिले दोन दिवस खेळणं हातात दिल्यासारखं वाटतं.

मासे कुठले? लहान तळ्यांत मुख्यतः ब्लूगिल आणि क्रॅपी, कुठे पिवळा पर्च. ब्लूगिल म्हणजे चिलापीचा दूरचा भाऊ समजा: तळहाताएवढा, चपटा, पाठीवर काटे. गळातून सोडवताना चिलापीसारखाच डोक्याकडून हात फिरवून काटे दाबायचे, नाहीतर बोटातून रक्त येतं आणि त्या थंडीत ते कळतही नाही.

आणि इथेच तुमच्या पवईच्या सवयी आड येतील. तिथे तुम्ही रोहू-कटल्यासाठी पेंडीचा मोठा गोळा लावून बसत असाल आणि काठी वाकायची वाट बघत असाल. बर्फाखाली असं काही होत नाही. पाणी चार अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून तळाशी चार अंशांचं पाणी बसतं आणि बर्फ वरच धरतो. मासे त्या गारठ्यात जिवंत असतात पण त्यांचं सगळंच संथ झालेलं असतं: पोहणं, पचन, भूक. ब्लूगिल आमिष तोंडात ओढतो आणि तिथल्या तिथे थुंकतो. तरंगा बुडत नाही, नुसता शहारतो. क्रॅपी तर खालून येऊन आमिष घेतो आणि वर जातो, म्हणजे दोरी ताणली जाण्याऐवजी ढिली पडते. पहिल्या दिवशी मला वाटलं वाऱ्याने हलतंय. शेजारी बसलेल्या त्याच गृहस्थांनी त्याच वेळात सात मासे काढले, मी शून्य. ते काही बोलले नाहीत. फक्त माझा गळ काढून घेतला आणि स्वतःच्या डबीतला एक दिला, तांदळाच्या दाण्याएवढा.

त्याला लावायला पतंगाची एक पांढरी अळी, आमिषांच्या दुकानात डबीत मिळते. ती डबी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. बायकोला हे सांगू नका.

लहान तळ्यावर जागा शोधणं सोपं असतं. दोरीला शिसं लावून भोकाभोकातून खोली मोजा. डिसेंबरच्या सुरुवातीला, बर्फ नवा असताना, मासे अजून काठाजवळच्या हिरव्या पाणवनस्पतीत असतात. जानेवारीत ती मरते आणि मासे सगळ्यात खोल खड्ड्याकडे सरकतात, पण तळाला टेकून नाही, कारण तळाशी प्राणवायू कमी. म्हणून आमिष तळापासून दोन-चार फूट वर ठेवून सुरुवात करा आणि हळूहळू वर आणा. वीस मिनिटांत काही नाही तर दुसरं भोक. पवईला एका जागी दिवस काढण्यात शान असते, इथे तसं बसणारा गारठतो आणि रिकाम्या हाताने परततो. उजाडताना आणि मावळताना क्रॅपी हमखास हलतात.

फजिती एकच सांगतो. थर्मासमधला चहा ओतायला मी काठी भोकाच्या कडेला आडवी ठेवली. झाकण लावून वळलो तर काठी नाही. भोकात पाणी डुचमळत होतं, बस्स. सहा इंचांचं भोक आणि सव्वादोन फुटांची काठी उभी होऊन गेली. तेव्हापासून चहा पिताना काठी मांडीखाली.

दुसरी भीती आवाजाची. तापमान उतरलं की बर्फ आकसतो, ताणला जातो, आणि तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुडूम करत आवाज धावतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पालथा पडलो. जाड बर्फावर हा आवाज नेहमीचाच, त्याने घाबरू नका. घाबरायचं ते पहारेच्या घावाला.

तरीही गळ्यात दोन टोकदार दांडके दोरीला बांधून अडकवा, दुकानात तयार जोडी मिळते. आत पडलात तर ज्या बाजूने आलात तिकडेच तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. दांडके बर्फात रोवून, पाय मारत, पोटावर सरपटत वर या आणि उभं न राहता लोळत लांब जा. तिकडे १-१०-१ असा हिशेब शिकवतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय चालतात तेवढी, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. आपण पवईला पाण्यातल्या मगरीकडे एक डोळा ठेवून बसतो, तसाच इथे एक डोळा बर्फावर. एकट्याने कधीच जाऊ नका. आणि कुणाच्या तंबूत बसलात, आत गॅसची शेगडी असली, तर हवा खेळती आहे ना ते बघून घ्या.

मुंबईत बसून तयारी काय करायची? थंडीची करता येत नाही. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा, आणि तिकडे दुपारी उणे पंधरा असू शकतं. बूट, हातमोजे तिकडेच घ्या, इथल्या दुकानांतले त्या थंडीसाठी केलेले नसतात. पण बोटांची तयारी इथे होते. आजपासून रोहू सोडा आणि चिलापीच्या मागे लागा. सगळ्यात बारीक दोरी, सगळ्यात छोटा गळ, गांडुळाचा नखाएवढा तुकडा, आणि तरंगा इतका हलका की आमिष लावल्यावर जेमतेम टोक वर राहील. काठावरून दोन फुटांवर टाका. चिलापीचा तो नुसता स्पर्श ओळखून हात उचलायला जमलं की तुमचं ऐंशी टक्के काम झालं. आमच्या शेजारच्या तळ्यावर मी परतल्यावर हेच केलं आणि मग कळलं, इतकी वर्षं किती मासे माझा पेंडीचा गोळा चाटून गेले असतील.

परवाना लागतो, पाहुण्यालाही. ऑनलाइन निघतो आणि कमी दिवसांचाही मिळतो. एक ध्यानात ठेवा, तिथलं परवान्याचं वर्ष फेब्रुवारीअखेर संपतं, म्हणजे मार्चमध्ये बसायचं तर नवा काढावा लागेल. मिनेसोटात बर्फावर एका माणसाला दोन दोऱ्या टाकता येतात, किती मासे ठेवायचे यालाही मर्यादा आहे, ती त्या त्या तळ्याची बघा.

ठेवायचे मासे नुसते बर्फावर टाकून द्या, गोठतात. आयुष्यभर माशावर घालायला बर्फ विकत घेतलेल्या माणसाला हे बघून हसू येतं. सोडायचे असतील तर मात्र लगेच परत पाण्यात, उणे तापमानात कल्ले आणि डोळे मिनिटभरात गोठू लागतात.

इथून नेण्यासारखी वस्तू एकच, घरचा मालवणी मसाला. रवा तिकडे मिळतो. ब्लूगिलचं मांस पांढरं, गोडसर, चिलापीपेक्षा घट्ट. खवले काढून, पोट साफ करून, दोन्ही बाजूंना चिरा देऊन अख्खाच तळा. आणि पहिला घास त्या शेजाऱ्यांना द्या. माझे शेजारी आयुष्यभर तो मीठ-मिरी लावून खात आले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवून त्यांनी विचारलं, "आज किती वाजता निघायचं?"