बॅग झुलते, पण ठोसा लागत नाही

प्रश्न : वय २१, वजन ७५ किलो, बॉक्सिंग दीड वर्षापासून. माझ्या उजव्या ठोशाने हेवी बॅग (ठोसे मारायची टांगलेली जड बॅग) पार लांब झुलते, पण स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत, कुणावर परिणामच होत नाही. माझा जोडीदार ६२ किलोचा, हात काडीसारखे. पण त्याचा ठोसा गार्डवर, म्हणजे बचावाला धरलेल्या हातांवर, बसला तरी कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. सर म्हणतात, ‘‘तू मारत नाहीस, ढकलतोस.’’ म्हणजे नेमकं काय? बेंच प्रेस वाढवू का?

उत्तर : तुझ्या सरांनी दुखणं अचूक ओळखलंय. बॅग किती लांब गेली यावर ठोसा जोखायचा नसतो. खिळ्यावर हातोडी टेकवून कितीही दाबलीस तरी खिळा जागचा हलत नाही. तीच हातोडी उचलून हाणली की आत जातो. हा सगळा वेळेचा खेळ आहे. ब्रिटनचा हेवीवेट फ्रँक ब्रूनो याचा ठोसा १९८५ साली प्रयोगशाळेत मोजला होता. मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगाने आली आणि लक्ष्याला लागल्यापासून १४ मिलिसेकंदांत जोर ४०९६ न्यूटनवर पोचला. डोळ्याची पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तुझी मूठ बॅगला लागल्यावर तू खांद्याने रेटत राहतोस, त्यामुळे जोर लांबलचक वेळात पसरतो आणि बॅग निमूटपणे मागे जाते. खरा ठोसा बसला की ती जागच्या जागी दचकते, पोटात दुमडते, वरची साखळी खडखडते. आवाजही वेगळा येतो. तो एकदा कानात बसला की आपलं कुठे चुकलं हे विचारायला दुसरं कुणी लागत नाही.

आता हा जोर येतो कुठून? जमिनीतून. माझंही पहिल्या दोन वर्षांत तुझ्यासारखंच होतं. गुरुजी सांगून दमले. मग एके दिवशी त्यांनी माझ्या मागच्या पायाच्या चवड्याखाली वर्तमानपत्राचं पान ठेवलं आणि म्हणाले, ‘‘मार दहा क्रॉस.’’ क्रॉस म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा. मी जीव खाऊन मारले. पान जसंच्या तसं. मग तेच पान त्यांनी स्वतःच्या चवड्याखाली घेतलं आणि एकच क्रॉस मारला, तोही फार जोरात नाही. कागद पायाखाली पिळवटला आणि चरकन फाटला. तो आवाज मी विसरलेलो नाही. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराच्या पायाखाली पहिल्या महिन्यात मी पान ठेवतो.

क्रम नीट लक्षात घे. मागच्या पायाचा चवडा जमिनीला रेटतो, टाच बाहेर वळते, गुडघा आत येतो, कंबर फिरते, मग खांदा, आणि हात सगळ्यांत शेवटी सुटतो. पुढचा पाय तेव्हा खुंटासारखा रोवलेला हवा. तो ढिला पडला की सगळं अंग पुढे वाहून जातं, तोल जातो आणि ठोशात काही उरत नाही. तुझं बहुधा उलटं होत असावं : आधी हात निघतो, कंबर मागून येते. काही जण ठोसा लागून गेल्यावर टाच फिरवतात, नुसती दिसायला. त्याने काहीही होत नाही.

१९८५ मध्येच सोव्हिएत प्रशिक्षकांचा १२० बॉक्सरांवरचा एक अभ्यास इंग्रजीत आला. अव्वल खेळाडूंच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, नवख्यांच्या ठोशात जेमतेम १७. नवखा जे पायांनी करत नाही ते हाताने भरून काढायला बघतो. २००० सालच्या एका ब्रिटिश मोजणीत मागच्या हाताचा सरळ ठोसा अव्वल बॉक्सरांचा सरासरी ४८०० न्यूटन भरला, नवख्यांचा २३८१. निम्म्याहूनही कमी!

आता तुझा खांदा. तू ठोसा सुरू करण्याआधीच मूठ आवळत असशील, दातही. मूठ आवळली की दंडाचा पुढचा स्नायू ताठतो आणि कोपर सरळ होऊ देत नाही. म्हणजे गाडी सुरू करून ब्रेकवरचा पाय न काढण्यातला प्रकार. हात सैल सोड, मूठ लागायच्या क्षणी आवळ. त्या क्षणी मात्र मुठीपासून पोटापर्यंत सगळं लाकडासारखं कडक हवं. मनगट तेवढ्यात वाकलं तर पायातून आणलेला सगळा जोर तिथेच सांडतो. ऑलिंपिक दर्जाच्या ७ बॉक्सरांची मोजणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ठोशामागचं परिणामी वजन सरासरी २.९ किलो निघालं. ‘अख्खं अंग मुठीत येतं’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात येतं ते एवढंच. म्हणून त्यातलं पाव किलोही मनगटात गमावणं परवडत नाही.

बेंच प्रेस बंद कर असं मी म्हणणार नाही. पण आत्ता छातीवरून उचलायचं वजन वाढवलंस तर ढकलण्याचीच ताकद वाढेल. सहा आठवडे बॅगवर रोज ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या फक्त अर्ध्या जोरात मार, पायाखाली कागद ठेवून. हात जाईल त्याहून लवकर परत यायला हवा. व्यायामात स्क्वॉट घे आणि जड चेंडू कंबरेतून फिरवून भिंतीवर फेक. जोडीदारावर प्रयोग नकोत. स्पारिंग हलकंच ठेव, त्याचं डोकं ही बॅग नव्हे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, चार महिन्यांपासून शिकते. हुक (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) मारला की करंगळीच्या बाजूने तळहाताची पाठ दुखते. ग्लोव्हज बदलू का?

उत्तर : ग्लोव्हजआधी मुठीकडे बघा. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसायला हवा. या दोन बोटांची हाडं मनगटाशी घट्ट जोडलेली असतात. करंगळीमागचं हाड बारीक आणि हलतं, चुकीचा ठोसा तिथेच मोडतो. या मोडण्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, आणि मुरलेल्या बॉक्सरांपेक्षा भांडणात भिंतीवर मूठ आपटणाऱ्यांनाच ते जास्त होतं. हुकमध्ये कोपर मुठीच्या रेषेत उचललेलं असू द्या. ते खाली राहिलं की मूठ तिरपी पडते आणि करंगळी आधी लागते. सूज असेल किंवा करंगळीची गाठ आत बसल्यासारखी दिसत असेल, तर आधी एक्स-रे काढा. तोवर त्या हाताने एकही ठोसा नको.

प्रश्न : ठोसा मारताना ‘स्स’ असा आवाज केल्याने जोर वाढतो का?

उत्तर : आवाजाने नाही, श्वासाने. झटकन आखूड श्वास सोडला की पोट कडक होतं आणि पायातला जोर खांद्यापर्यंत पोचायला वाट मिळते. सगळी हवा मात्र सोडू नका. समोरून बरगडीखाली उलट ठोसा आला, तर तो झेलायला आत थोडी राहू द्या.