घरी कपड्यांचा साबण करून खरंच पैसे वाचतात का?

तेल विकत आणून करणार असाल, तर नाही वाचत. तळणाचं तेल घरात उरत असेल तर वाचतात, पण तो साबण हातानं धुण्यापुरता. मशीनचं वेगळं, ते शेवटी सांगते.

तुम्ही लिहिलंय की घरात चौघांचं धुणं आहे, पाणी बोअरचं आहे आणि साबणाचा कीस, धुण्याचा सोडा नि टाकणखार (बोरॅक्स) एकत्र करून पावडर करायचा विचार आहे. तो विचार सोडा. दुकानातून वडी आणायची, किसणीवर किसायची आणि तिला घरगुती म्हणायचं, यात बचत कुठली? त्यातून तुमचं पाणी जड. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबणाशी त्यांची गाठ पडली की पांढरट चिकट साका तयार होतो. तो कपड्यांत आणि मशीनच्या ड्रममागे साठत जातो. टॉवेल ताठर होतात, पांढरे शर्ट कळकट दिसायला लागतात. डिटर्जंटची घडणच वेगळी, त्याचा असा साका धरत नाही.

आता हिशेब. एक किलो तेलाचा वाळल्यावर सव्वा किलोच्या आसपास साबण होतो. त्यात नव्या तेलाचा भाव धरून बघा, दुकानातली वडीच स्वस्त पडेल. खोबरेलाचं तर नावच नको. पण दिवाळीत चकल्या-शेव तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवून खाण्यापेक्षा किंवा मोरीत ओतण्यापेक्षा त्याचा साबण केलेला बरा. मी त्याचाच करते.

तेलात मिठाचं पाणी घालून एक उकळी काढायची आणि रात्रभर तसंच ठेवायचं. जळका चुरा खाली बसतो, वरचं तेल अलगद काढून फडक्यातून गाळायचं. पाण्याचा थेंबही यायला नको. बोंबील तळलेलं तेल मात्र घेऊ नका, वास जात नाही.

८०० ग्रॅम शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं जुनं तेल, २०० ग्रॅम खोबरेल, १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, धुण्याचा सोडा नव्हे), ३०० ग्रॅम पाणी. नुसत्या सूर्यफुलाच्या तेलाचा साबण मऊ राहतो, वडी घट्ट होण्यासाठी आणि फेसासाठी थोडं खोबरेल हवंच. सगळं वजनकाट्यावर मोजायचं, वाटी-चमच्याचं काम नाही. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं. खोबरेलाला सर्वांत जास्त, किलोला साधारण १८३ ग्रॅम, तर सूर्यफुलाला १३५च्या आसपास. म्हणून तेल बदललं की माप बदलतं.

कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही, अंगावर उसळतं. पाणी आपोआप कढत होतं आणि वाफ घशाला झोंबते, म्हणून हे काम गॅलरीत किंवा अंगणात, हातमोजे नि चष्मा घालून, पोरं आसपास नसताना. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, कॉस्टिक ते खातं. स्टील घ्या. हातावर थेंब उडालाच तर नळाखाली बराच वेळ हात धरा, व्हिनेगर-लिंबू लावत बसू नका.

कॉस्टिकचं हे पाणी कोमट झालं की बारीक धारेनं तेलात सोडायचं आणि ढवळत राहायचं. हातानं ढवळलं तर दंड भरून येतो, हँड ब्लेंडर असेल तर काम पटकन होतं, मात्र तो परत स्वयंपाकाला वापरू नका. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं, चमच्यातून पडलेली धार वर क्षणभर उमटून राहिली, की प्लॅस्टिकच्या डब्यात ओता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या पाडा आणि महिनाभर वाऱ्यावर वाळू द्या. तेवढा धीर नसेल तर साबण मऊ राहतो आणि हां हां म्हणता विरघळून जातो.

कॉलर, बाह्या, पायपुसणी, स्वयंपाकघरातली फडकी यांना हा साबण झकास. हळदीच्या डागाला लागला की डाग लालभडक होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात वाळत घाला, फिका पडत जातो. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र लावू नका. त्यांना रिठाच बरा: रात्री भिजवायचा, सकाळी उकळून चुरायचा, गाळलेल्या पाण्यात कपडे बुडवून हलक्या हातानं धुवायचे.

आणि मशीन. नेहमीचीच पावडर ठेवा, फक्त तिच्याबरोबर चमचाभर धुण्याचा सोडा घाला आणि पावडर थोडी थोडी कमी करत बघा. जड पाण्यात बरीचशी पावडर क्षारांशी झुंजण्यातच जाते, ते काम स्वस्त सोडा करतो. सुटी स्वस्त पावडर वापरत असाल तर मात्र हा खटाटोप करू नका, तिच्यात आधीच सोड्याचा भरणा असतो.