शर्यतीची मोटार दुरून ओळखू यावी म्हणून

शर्यतीच्या मोटारींवरील रॅपविषयी, म्हणजे मोटारीच्या अंगावर चढवायच्या रंगीत किंवा छापील फिल्मविषयी, आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा संघ फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी एका आसनाची मोटार बांधतो आणि यंदा तिच्या रॅपची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी केलेली त्रिकोणी जाळीची नक्षी संगणकावर फार सुंदर दिसत होती. परंतु कोइम्बतूरच्या ट्रॅकवर मोटार धावू लागल्यावर ती दुरून नुसतीच करडी दिसली. आमचे काय चुकले?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : आपली नक्षी वाईट नव्हती, ती जवळून पाहण्यासाठी केलेली होती. संगणकावर आपण स्थिर मोटारीची एक बाजू पांढऱ्या पार्श्वभूमीवर, हातभर अंतरावरून पाहतो. ट्रॅकवर यातले काहीच नसते. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ५५ मीटर अंतर कापते, म्हणजे साडेचार मीटर लांबीची मोटार एका जागी उभ्या असलेल्या प्रेक्षकासमोरून सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात निघून जाते. आपल्या मोटारीचा वेग याहून बराच कमी असला, तरी प्रेक्षक दूर असतो. अशा वेळी डोळ्याला रेषा दिसत नाहीत, रंगाचे मोठे पट्टेच दिसतात आणि जवळजवळ असलेले काळे-पांढरे बारीक तुकडे एकमेकांत मिसळून त्यांचा करडा होतो. फॉर्म्युला वनमधील रेड बुल संघाने २०१५च्या हंगामपूर्व चाचण्यांत मोटारीवर काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची नक्षी मुद्दाम चढवली होती. तिच्यामुळे मोटारीच्या अंगाची वळणे पाहणाऱ्याला नीट कळत नव्हती. जे त्यांनी लपवण्यासाठी केले, ते आपल्याकडून दाखवण्याच्या हेतूने झाले.

म्हणून यंदा नक्षीपासून नव्हे, तर दोन किंवा फार तर तीन रंगांच्या मोठ्या आकारांपासून सुरुवात करावी. गल्फ या तेल कंपनीच्या रंगांतील फोर्ड जीटी४० आठवून पाहा. फिकट निळे अंग आणि मधोमध एक नारिंगी पट्टा, एवढेच तिचे रूप होते. १९६८ आणि १९६९ अशी सलग दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत एकाच मोटारीने, त्याच सांगाड्यावर, याच रंगांत जिंकली आणि आज अर्ध्या शतकानंतरही हे दोन रंग शेजारी दिसले की शर्यतीचे चाहते ते ओळखतात. मार्टिनी या मद्य कंपनीच्या निळ्या-लाल पट्ट्यांचेही तसेच आहे. हे पट्टे मोटारीच्या वळणांबरोबर वळतात, त्यामुळे वेग त्यांच्यात आपोआप दिसतो. बोनेटच्या उताराला छेद देणारा पट्टा मात्र मोटार तुटल्यासारखी दाखवतो.

संकल्पना तयार झाली की तिचे रंग काढून ती करड्या छटांत छापावी, भिंतीवर लावावी, पाच-सहा मीटर मागे जावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. लाल आणि हिरवा हे रंग पडद्यावर कितीही वेगळे वाटले, तरी त्यांची उजळता सारखी असेल तर या चाचणीत ते एक होतात आणि ट्रॅकवरही बहुधा तसेच होते.

सपाट आराखड्यावर मात्र विसंबून राहू नये. एका आसनाच्या मोटारीत बाजूचा बराच भाग उघड्या चाकांमागे जातो. प्रेक्षकाला खरोखर दिसते ते नाक, बाजूच्या फुगीर भागांचे माथे आणि मागचा पंख. १९७५मध्ये शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी फ्रेंच शर्यतचालक एर्वे पूलँ यांच्या बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलसाठी लाल, निळ्या आणि पिवळ्या रंगांची योजना केली, तेव्हा ती आधी लहान प्रतिकृतीवर रंगवून मगच मोटारीवर उतरवली गेली आणि ती मोटार त्याच वर्षी ल मान्सला धावली. आयुष्यभर अवकाशात आकार तोलणाऱ्या कलावंताचे काम असेच असणार. आपणही पुठ्ठ्याची किंवा शाडूची हातभर प्रतिकृती करून तिच्यावर रंगीत कागद चिकटवून पाहावेत. नाकावर दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांना भेटतात की चुकतात, हे त्याशिवाय कळत नाही.

एक सूचना सर्वांत आधी अमलात आणावी. स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत क्रमांकाची उंची, रंग आणि जागा ठरवून दिलेली असते. ती जागा आराखड्यावर पहिल्याच दिवशी आखून घ्यावी आणि बाकीचे चित्र तिच्याभोवती बसवावे. शेवटच्या रात्री सुंदर चित्रावर पांढरा चौकोन चिकटवावा लागला, तर चित्र आणि क्रमांक दोघांचीही हानी होते.

प्रश्न : माझे रेडियम कामाचे आणि डिजिटल छपाईचे दुकान आहे. एका स्थानिक रॅली चालकाच्या मोटारीला मी छापील रॅप लावला, पण दोनच दिवसांत बंपरच्या कोपऱ्यांवर आणि आरशांवर तो सुटू लागला. फिल्म चांगल्या प्रतीची होती आणि मोटारही धुतलेली होती.
— व्यावसायिक, नाशिक

उत्तर : आपण कोणती फिल्म वापरली हे पत्रात लिहिलेले नाही आणि उत्तराचा मोठा भाग त्यावरच अवलंबून आहे. व्हिनाइल फिल्म दोन पद्धतींनी तयार होते. कॅलेंडर फिल्म रुळांमध्ये दाबून, ताणून पातळ केलेली असते. त्यामुळे तिच्या अंगात परत आखडण्याची ओढ राहते. कास्ट फिल्म द्रवरूपात ओतून, भट्टीत वाळवून केलेली असते. ती साधारण ५० मायक्रॉन एवढी पातळ असते आणि ताण न घेता तयार झालेली असल्यामुळे वळणावर शांत बसते. दुकानाच्या काचेवर किंवा टेम्पोच्या सपाट बाजूवर कॅलेंडर फिल्म उत्तम काम देते. बंपर आणि आरसा यांच्यासाठी मात्र ती महाग कंपनीची असली तरी उपयोगाची नाही, आणि लॅमिनेशन, म्हणजे छपाईवर चढवायचा पारदर्शक थर, तोही कास्टचाच हवा. वरचा थर आखडू लागला तर खालच्यालाही सोबत ओढतो.

दुसरे कारण घाईचे असू शकते. सॉल्व्हंट (द्रावक असलेल्या) शाईने छापलेल्या फिल्ममधून द्रावकाची वाफ निघून जायला वेळ लागतो. तिला किमान २४ तास, जमल्यास ४८ तास, सैल गुंडाळीत उभी ठेवावी आणि मगच लॅमिनेट करावी. त्याआधी लॅमिनेट केली तर द्रावक आत कोंडतो, गोंद मऊ पडतो आणि कडा सुटू लागतात. गडद रंगांत शाई जास्त असते, तेथे हा दोष आधी दिसतो. मोटार शनिवारी धावणार असेल, तर छपाई मंगळवारी झालेली असावी, हे चालकाला आधीच स्पष्ट सांगावे.

धुतलेली मोटार आणि रॅपसाठी स्वच्छ मोटार यांत फरक आहे. पॉलिशचा मेणकट थर साबणाने जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडा, कपारी आणि बंपरची दुमडलेली आतली बाजू पुसून काढावी लागते. खोलगट भागात फिल्म बळेच ओढून बसवू नये. आधी मधला भाग गरम करून खोलात बसवावा आणि मग बाहेरच्या दिशेने स्क्वीजी (फिल्म दाबून बसवण्याची पट्टी) फिरवावी. सर्वांत शेवटी, ताणलेल्या प्रत्येक जागी हीट गनने पुन्हा उष्णता द्यावी. हे तापमान कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेले असते, बहुधा ते ९० ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि ते हाताच्या अंदाजाने नव्हे, तर इन्फ्रारेड तापमापकाने मोजावे. या उष्णतेने फिल्मची मागे जाण्याची ओढ मोडते. दोन दिवसांनी सुटणाऱ्या कोपऱ्यांमागे बहुतेक वेळा हीच राहून गेलेली पायरी असते.

प्रश्न : माझ्या ऑटोक्रॉसच्या मोटारीवर दोन्ही दारांवर ‘करवीर’ हे नाव मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहायचे आहे. मित्र म्हणतात की वेगात फक्त रोमन अक्षरेच वाचता येतात. आपले मत काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : देवनागरीतच लिहावे, अगदी निःशंकपणे. शिरोरेखा ही मुळातच आडवी, धावती रेषा आहे; ती नावाबाहेर मागच्या चाकापर्यंत लांबवली, तर वेगळा पट्टा काढण्याची गरजही उरत नाही. अडचण आहे ती अक्षरांच्या पोटातल्या लहान जागांची. ‘क’ आणि ‘व’ यांच्या पोटातील पोकळी बारीक ठेवली, तर दुरून ती बुजते. म्हणून छपाईचा पुस्तकी टंक नुसता जाड करून वापरू नये, अक्षरे हाताने नव्याने रेखाटावीत आणि पोकळ्या मुद्दाम मोठ्या ठेवाव्यात. ‘वी’ची वेलांटी शिरोरेखेच्या वर चढते, तिच्यासाठी दाराच्या वरच्या कडेपासून पुरेशी जागा सोडावी, नाहीतर ती खिडकीखाली चिरडते.

आणखी एक गोष्ट येथे येते, जी पुष्कळांच्या लक्षात उशिरा येते. मोटारीच्या उजव्या दारावर नाव मागून पुढे वाचले जाते आणि डाव्या दारावर पुढून मागे. त्यामुळे उजवीकडे झुकलेली अक्षरे एका बाजूला पुढे झेपावतात आणि दुसऱ्या बाजूला मागे रेलल्यासारखी दिसतात. अक्षरे सरळ ठेवावीत आणि झुकाव द्यायचाच असेल तर तो त्यांच्या मागच्या रंगाच्या पट्ट्याला द्यावा, कारण तो दोन्ही बाजूंना उलटसुलट करता येतो. शिरोरेखेची शेपटीही दोन्ही दारांवर मागच्या चाकाकडेच जाऊ द्यावी. म्हणजे उजवीकडे ती ‘क’च्या आधी येईल आणि डावीकडे ‘र’च्या नंतर. हीच मोटार एरवी रस्त्यावरही चालवत असाल आणि नावाबरोबर संपूर्ण रंगही बदलणार असाल, तर नोंदणीपत्रात मोटारीचा रंग लिहिलेला असतो हे ध्यानात घेऊन आधी आरटीओत विचारून घ्यावे.